नेमका निवाडा हाती लागण्यासाठी

१ जुलै २०२४ पासून ४८२ या एका आकड्याने वकिलांच्या शोधात मोठा गोंधळ उडवला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार. गुन्हा रद्द करून घ्यायचा तर अर्ज याच कलमाखाली व्हायचा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा अधिकार कलम ५२८ मध्ये गेला आणि ४८२ वर अटकपूर्व जामीन येऊन बसला, जो आधी ४३८ होता. भारतीय दंड संहितेतही ४८२ होतेच, खोट्या मालमत्ता-चिन्हाच्या वापराबद्दलच्या शिक्षेचे. एखाद्या ज्युनिअरने संगणकावर नुसते ‘४८२’ आणि ‘जामीन’ टाकले, तर येणाऱ्या यादीत वेगवेगळ्या कायद्यांचे आणि काळांचे निकाल एकमेकांत मिसळलेले असतात. यादी लांब असते म्हणून शोध चांगला झाला असे वाटते आणि नेमका निवाडा सत्तराव्या क्रमांकावर पडून राहतो.

शब्द टाकून निकाल शोधणे हे आज वकिलीतले रोजचे काम आहे, पण कसब म्हणून त्याकडे फार कमी लोक पाहतात. माझे मत असे की पूर्वी डायजेस्टचा संपादक जे काम करीत असे, ते आता शोधणाऱ्याच्या अंगावर आले आहे. ते टाळले की कितीही महागडी सेवा घेतली तरी हाती भुसाच लागतो. हा आढावा त्या कामाचा आहे. तो नागपुरातून घेण्याला कारणही आहे.

देशभरच्या न्यायालयांत ‘एआयआर’ या अक्षरांनी सुरू होणारे जे दाखले दिले जातात, ते ऑल इंडिया रिपोर्टर नागपूरचे. व्ही. व्ही. चितळे यांनी उभ्या केलेल्या या प्रकाशनाचे खंड १९१४ सालच्या निकालांपासूनचे आहेत. १८७५ च्या इंडियन लॉ रिपोर्ट्स कायद्याने सरकारी निकालमालेला अधिकृत स्थान दिले होते, पण ती प्रत्येक उच्च न्यायालयाची वेगळी होती. चितळ्यांच्या मालिकेने लाहोरपासून मद्रासपर्यंतची न्यायालये एका पद्धतीत आणली: आधी वर्ष, मग न्यायालय, मग पान. या खंडांतली खरी कारागिरी मात्र निकालाच्या डोक्यावर छापलेल्या हेडनोटमध्ये आहे. कायद्याचे नाव, त्याचा क्रमांक आणि साल, कलम, विषय, उपविषय आणि शेवटी ठरलेला मुद्दा, असा तिचा क्रम. न्यायमूर्तींनी साठ पानांत कोणत्याही शब्दांत लिहिले असले तरी संपादक तो मुद्दा ठरलेल्या मथळ्याखालीच नेऊन ठेवी. एकाने ‘निष्कासन’ म्हटले, दुसऱ्याने ‘ताबा परत मिळणे’ म्हटले, तरी डायजेस्टमध्ये दोन्ही एका पानावर भेटत. वाचणाऱ्याला न्यायमूर्तींच्या शब्दांचा अंदाज बांधावा लागत नसे. मथळा माहीत असला की पुरे.

पूर्ण मजकुरातून शोधणारी यंत्रे आली आणि मधला संपादक वगळला गेला. अमेरिकेत लेक्सिस १९७३ मध्ये आणि वेस्टलॉ १९७५ मध्ये सुरू झाले. हेडनोटची गरज संपली, आता कोणताही शब्द कुठेही सापडेल, असा तेव्हाचा उत्साह होता. त्याला पहिला मोठा धक्का १९८५ मध्ये बसला. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या संशोधकांनी एका मोठ्या दाव्यातल्या सुमारे ४०,००० दस्तऐवजांवर, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पानांवर, वकिलांच्या शोधाची तपासणी केली. उपयोगाच्या कागदांपैकी किमान ७५ टक्के आपल्या हाती आले आहेत असे वकिलांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच आले होते. कारण साधे होते. एक बाजू ज्याला ‘अपघात’ म्हणे, त्यालाच दुसऱ्या बाजूचे लोक ‘ती घटना’ किंवा ‘ती दुर्दैवी परिस्थिती’ म्हणत. आज यंत्रे कितीतरी वेगवान झाली आहेत, तरी हा निष्कर्ष मला अजून लागू वाटतो, कारण अडचण वेगाची कधी नव्हतीच. शोधणाऱ्याला किती सापडले ते दिसते; किती निसटले ते दिसत नाही.

भारतात मोफत शोधाचे दार उघडले ते २००८ च्या सुमारास. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात ठरवले की निकालाच्या मूळ मजकुरावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. संपादकाने स्वतःच्या बुद्धीने आणि कौशल्याने त्यात जी भर घातली असेल, तिला मात्र संरक्षण आहे. पुढच्याच महिन्यात सुशांत सिन्हा यांचे इंडियन कानून हे संकेतस्थळ सुरू झाले. मजकूर सर्वांचा आणि हेडनोट प्रकाशकाची, ही वाटणी तेव्हा पक्की झाली. म्हणूनच एआयआर, एससीसी ऑनलाइन, मनुपात्र या सेवांसाठी पैसे मोजताना वकील खरे तर संपादकाच्या श्रमाचे मोल देत असतो. सरकारी बाजूने २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३४,००० निकालांचे ई-एससीआर मोफत खुले केले. ई-कोर्ट्सच्या निकाल-शोध संकेतस्थळावर उच्च न्यायालयांचे निकाल मिळतात. २०२३ पासून निकालांना प्रकाशकनिरपेक्ष दाखलाही मिळू लागला आहे: सर्वोच्च न्यायालयाचा ‘आयएनएससी’ आणि नागपूर खंडपीठाचा ‘बीएचसी-एनएजी’ या अक्षरांचा. पण हा क्रमांक आधी माहीत असेल तरच उपयोगी. विषयावरून निवाडा शोधायचा तर पुन्हा शब्दांकडेच यावे लागते.

एक उदाहरण पुरते सोडवून पाहू. घरमालकाला जागा स्वतःसाठी हवी आहे आणि भाडेकरू हलत नाही, हा नागपुरातला नेहमीचा दावा. आज त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १६(१)(जी) लागते. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी महाराष्ट्र तीन कायद्यांत वाटलेला होता. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा, त्यातले १३(१)(जी). मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा. आणि विदर्भात १९४९ चा ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर’. या आदेशाच्या खंड १३ प्रमाणे घरमालकाने आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढायची, मग भाडेकरार संपवल्याची नोटीस द्यायची आणि मग दावा लावायचा. स्वतःच्या गरजेचे कारण तिथे १३(३) च्या सहाव्या उपखंडात होते.

आता कोणी नुसते ‘१६(१)(जी)’ टाकून शोधले तर त्याच्या हाती २००० नंतरचे निकाल येतील. पण घरमालकाची ‘प्रामाणिक गरज’ म्हणजे काय, गरज आणि नुसती इच्छा यांत फरक कुठे, मुलाच्या धंद्यासाठी जागा मागता येते का, हे सगळे त्याआधीची पन्नास वर्षे घासून घासून ठरत आले आहे. उलट विदर्भाचा १३(३) चा निकाल उचलून आजच्या दाव्यात ठेवला, तर समोरचा वकील लगेच सांगेल की त्या आदेशाची शब्दरचना वेगळी होती. म्हणून आधी प्रश्न एका वाक्यात लिहावा, मग तो प्रश्न कोणकोणत्या कायद्यांत कोणत्या क्रमांकाने वावरला त्याची यादी करावी आणि त्यानंतरच संगणकाला हात लावावा. ही यादी करायला अर्धा तास लागतो. पण मला ठाऊक असलेले सगळे चांगले शोधक हा अर्धा तास देतात.

यानंतर शब्द. ‘बोना फाइड’ हे लॅटिनचे दोन शब्द. असंख्य निकालांत ते जोडून एकच लिहिलेले आहेत. त्यांच्या पुढे कुठे ‘रिक्वायरमेंट’ येते, कुठे ‘नीड’, कुठे ‘ऑक्युपेशन’. हे पर्याय ‘किंवा’ने जोडून एका कंसात ठेवायचे. दुसऱ्या कंसात घरमालक. तिसऱ्या कंसात ज्या मुद्द्यावर लढत आहे तो: समजा, दोघांपैकी जास्त हाल कोणाचे, म्हणजे ‘हार्डशिप’. तिन्ही कंस ‘आणि’ने बांधायचे. इंडियन कानूनवर हे जोडशब्द इंग्रजीच्या मोठ्या लिपीत लिहून शेवटचे अक्षर दुप्पट करावे लागते: ‘अँड’मध्ये डी दोनदा, ‘ऑर’मध्ये आर दोनदा, ‘नॉट’मध्ये टी दोनदा. तसे न लिहिल्यास यंत्र जोडशब्दालाही साधा शब्द समजते. जुळलेला शब्दसमूह हवा तर दुहेरी अवतरणचिन्हे. पैसे देऊन घेतलेल्या सेवांत दोन शब्द एकमेकांपासून किती अंतरावर असावेत हेही सांगता येते, आणि माझ्या मते कामाची सगळ्यात मोठी सोय तीच. ‘घरमालक’ आणि ‘हाल’ हे शब्द पन्नास पानी निकालात कुठेही असणे वेगळे, एकाच परिच्छेदात असणे वेगळे. शब्दाचे मूळ लिहून पुढे खूण केली तर त्याची सगळी रूपेही येतात. या खुणा प्रत्येक सेवेच्या वेगळ्या आहेत. मदतीचे पान एकदा नीट वाचून काढावे.

‘नॉट’पासून मात्र जपावे. फौजदारी निकाल नकोत म्हणून ‘क्रिमिनल’ हा शब्द वगळला, तर दिवाणी निकालात एखाद्या ओळीत तो शब्द आला असेल तेवढ्यावरून उत्तम निवाडा गळून पडतो. कलमांचे आकडे टाकतानाही तेच जपणे. ४९८ च्या पुढचे ‘ए’ कोणी जोडून लिहितो, कोणी आडवी रेघ देऊन, कोणी मोकळी जागा सोडून. ‘सेक्शन’ हा शब्द कुठे पूर्ण, कुठे नुसता ‘एस’, कुठे ‘यू/एस’. म्हणून आकडा कायद्याच्या नावाजवळ मागावा आणि ‘सेक्शन’ अवतरणात बांधू नये. १ जुलै २०२४ नंतर तर कायद्याचे नाव जोडल्याशिवाय कलमाचा आकडा टाकणेच चुकीचे झाले आहे. खुनाचे ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ झाले, फसवणुकीचे ४२० तिथे ३१८ मध्ये आहे, पोटगीचे १२५ नागरिक सुरक्षा संहितेत १४४. जुना आणि नवा असे दोन्ही आकडे एकाच कंसात ‘किंवा’ने जोडणे, प्रत्येकाच्या शेजारी त्याचा कायदा ठेवून, हाच सध्या खात्रीचा मार्ग आहे.

विदर्भात शोधणाऱ्याला याखेरीज एक वेगळाच शब्दसंग्रह लागतो, आणि इथे बाहेरगावचा हुशार संशोधकही अडखळतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या जमिनीच्या वादात इनाम, वतन, खोत हे शब्द येतात. नागपूर, भंडारा, चांदा, वर्धा या जुन्या मध्य प्रांतात गावाचा मालक मालगुजार होता. त्याच्या खास जमिनी सीर आणि खुदकाश्त. गावकऱ्यांच्या लाकूडफाटा-चराईचे हक्क निस्तार. आणि गावच्या रूढींची नोंद वाजिब-उल-अर्ज. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी गेली, त्याला दिलेले आव्हान विश्वेश्वरराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य म्हणून १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, पण हे शब्द अभिलेखांतून गेले नाहीत. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, आजही दावे चालतात. वऱ्हाडात चित्र पुन्हा निराळे: तिथे रयतवारी, १९२८ चा बेरार लँड रेव्हेन्यू कोड, इजाऱ्याची गावे. नागपूर शहरात नझूलचे पट्टे आणि १९३६ च्या नागपूर सुधार प्रन्यास कायद्याखालचे वाद. उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत, त्यामुळे हे सगळे शब्द रोमन लिपीत उतरलेले, आणि उतरवणाऱ्याप्रमाणे त्यांची वर्तणी बदललेली. मालगुजारमध्ये कुठे झेड, कुठे जे. खुदकाश्तमध्ये कुठे एच आहे, कुठे नाही.

कूळकायद्याचेही तसेच. विदर्भासाठीचा १९५८ चा कायदा जुन्या निकालांत ‘बॉम्बे टेनन्सी’ नावाने आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये अशा कायद्यांच्या नावातले ‘मुंबई’ काढून ‘महाराष्ट्र’ घातल्यानंतरच्या निकालांत तो दुसऱ्या नावाने येतो. एक नाव टाकणाऱ्याला कायद्याचे अर्धेच आयुष्य दिसते.

झुडपी जंगलाचे प्रकरण या सगळ्या अडचणी एकत्र दाखवते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली अभिलेखात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली जमीन आहे, आणि तिच्यावर शाळा, घरे, कार्यालये उभी आहेत. ही जमीन कायद्याने वन आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निर्णय दिला. खंडपीठाचे प्रमुख होते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, ज्यांची वकिलीची बरीच वर्षे नागपूर खंडपीठात गेली. न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाच्या आधारे अशी जमीन वन मानली आणि त्या तारखेच्या आधीचे वाटप व नंतरचे वाटप यांना वेगळे नियम लावले. आता एखाद्या ग्रामपंचायतीचा वकील हे शोधायला बसला तर? ‘झुडपी’ हा शब्द रोमनमध्ये झेडने, जेएचने, मध्ये यू घालून किंवा गाळून लिहिलेला सापडतो. काही ठिकाणी त्याचे इंग्रजी भाषांतर ‘स्क्रब फॉरेस्ट’ एवढेच असते. १९९६ चा आदेश टी. एन. गोदावर्मन यांच्या १९९५ च्या याचिकेतला, तिच्यात देशभरच्या जंगलांचे शेकडो अर्ज आहेत, आणि गावाचे नाव टाकून त्यात काही मिळत नाही. शिवाय वन संवर्धन अधिनियम, १९८० चे नावच १ डिसेंबर २०२३ पासून बदलून ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ झाले. म्हणजे एका प्रश्नासाठी जमिनीच्या प्रकाराची चार-पाच रूपे, कायद्याची दोन नावे, मूळ याचिकेचे नाव आणि एक तारीख, एवढे हाताशी लागते. तारीख हा शोधशब्द म्हणून वापरता येतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ‘१२ डिसेंबर १९९६’ ही तारीख वनजमिनीच्या बहुतेक निकालांत उद्धृत असते. कधी अंकात, कधी अक्षरात.

न्यायालयाची चाळणी लावतानाही नागपूरच्या इतिहासाचे भान ठेवावे लागते. २ जानेवारी १९३६ च्या लेटर्स पेटंटने नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले. त्याआधी इथे ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे गेला आणि विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे. परिणाम असा की काही संकेतस्थळांवर ‘मुंबई, नागपूर खंडपीठ’ निवडले की १९५६ च्या आधीचे नागपूर दिसतच नाही. ते मध्य प्रदेशच्या खात्यात नोंदलेले असते. विवियन बोस आणि हिदायतुल्ला यांच्यासारखे न्यायमूर्ती ज्या न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती होते, त्याचे निकाल त्याच्याच शहरातल्या वकिलाला शोधपेटीत सापडू नयेत, ही मोठी उणीव आहे. एआयआरच्या खंडांत ते ‘नागपूर’ या वेगळ्या भागात नीट लावलेले आहेत. म्हणून जुन्या जमीन-प्रश्नांसाठी मी अजूनही आधी ग्रंथालयातल्या खंडांकडे जायला सांगेन.

पक्षकारांच्या नावावरून शोधणे सोपे वाटते, पण तिथेही तेच. परिस्थितीजन्य पुराव्यावरचा पायाभूत निवाडा नागपूरच्याच खटल्यातून आला. मध्य प्रदेशचे अबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर सिवनी येथील दारूभट्टीच्या ठेक्यात कट केल्याचा आरोप होता. नागपूर उच्च न्यायालयाकडून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. हाच निकाल सरकारी निकालमालेत नुसता ‘हनुमंत’ म्हणून आहे, १९५२ एससीआर १०९१. एआयआरमध्ये पूर्ण नावाने, १९५२ एससी ३४३. क्रिमिनल लॉ जर्नलमध्ये १९५३ चा १२९. आडनावाच्या रोमन वर्तणीत एखादे अक्षर इकडेतिकडे झाले की शोध रिकामा. १९८४ च्या शरद बिर्धीचंद सारडा निकालाने याच निवाड्यावरून परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे मांडली. तिथेही ‘बिर्धीचंद’ कुठे जोडून, कुठे तोडून. म्हणून नावापेक्षा दाखल्याच्या आकड्याने शोधणे बरे. आणि असा एक पक्का निवाडा मिळाला की शब्दांचा शोध थांबवून त्याचा दाखला कोणकोणत्या निकालांनी घेतला हे पाहत पुढे जाणे त्याहून बरे. ‘हनुमंत’पासून ‘सारडा’पर्यंत आणि तिथून आजच्या नागपूर खंडपीठाच्या निकालापर्यंत पोचायला मग एकही नवा शब्द सुचावा लागत नाही. तेच तेच निवाडे पुन्हा भेटू लागले की त्या बाजूचा शोध पुरा झाला असे धरायला हरकत नाही.

सापडलेला निवाडा जिवंत आहे का, हे पाहणे हा शोधाचाच भाग आहे, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त घाई याच ठिकाणी होते. हनुमंत निकालातच टंकलेखन यंत्राच्या तज्ज्ञाचे मत पुरावा म्हणून चालत नाही असेही म्हटले होते. १९९६ मध्ये एस. जे. चौधरी प्रकरणात घटनापीठाने तो मुद्दा रद्द ठरवला. परिस्थितीजन्य पुराव्याबद्दलचा भाग मात्र अबाधित आहे. यंत्राने या निकालावर लाल खूण केली तर वकील घाबरून तो टाकून देईल. हिरवी केली तर चुकीचा परिच्छेद वाचून दाखवेल. खुणेवर न जाता कोणता मुद्दा गेला आणि कोणता राहिला हे स्वतः वाचावे लागते.

नागपूर खंडपीठाचा १९ जानेवारी २०२१ चा सतीश विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल तर सगळ्यांच्या स्मरणात आहे. त्वचेचा त्वचेशी थेट स्पर्श नसेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम ७ चा लैंगिक हल्ला होत नाही, असे त्यात म्हटले गेले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, कपड्याचा अडसर नाही. पण उच्च न्यायालयाच्या निकालाचा मजकूर जिथे होता तिथेच आहे, आणि ‘स्किन टू स्किन’ टाकले की तोही समोर येतो. बालकावरच्या अत्याचाराच्या खटल्यात कोणी घाईने तो उचलून न्यायालयापुढे ठेवला तर होणारी हानी एका वकिलाच्या अब्रूपुरती राहत नाही. जमीन संपादनाच्या कलम २४(२) वर २०१४ चा पुणे महानगरपालिकेचा निकाल सहा वर्षे देशभर उद्धृत झाला आणि ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या निकालात पाच न्यायमूर्तींनी तो रद्द केला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या ६५-ब प्रमाणपत्रावर २०१४ चा अन्वर, २०१८ चा शफी मोहम्मद आणि मग जालन्याच्या निवडणूक वादातून आलेला १४ जुलै २०२० चा अर्जुन पंडितराव खोतकर अशी वळणे झाली. मधल्याच वळणावर थांबलेला शोध फसवतो. म्हणून शेवटचा शोध नेहमी ताज्या तारखेकडून मागे करावा, पीठात किती न्यायमूर्ती होते ते लिहून ठेवावे आणि आपल्या विरुद्ध जाणारे निवाडेही तितक्याच कसोशीने शोधावेत. समोरचा ते शोधणारच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या चर्चेला नवे वळण दिले आहे. प्रश्न साध्या भाषेत विचारा, शब्द जुळवत बसू नका, हे तिचे आश्वासन, आणि समानार्थी शब्द सुचवण्यात ती खरोखर मदत करते: ब्लेअर आणि मॅरन यांनी दाखवलेली फट काही प्रमाणात बुजते. नागपूरचेच सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या काळात, २०१९ मध्ये भाषांतरासाठी ‘सुवास’ आणि २०२१ मध्ये न्यायमूर्तींच्या मदतीसाठी ‘सुपेस’ ही साधने आली. पण संवादी यंत्रे निवाडे शोधण्याऐवजी रचतातही. न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ मध्ये माटा विरुद्ध अव्हियांका प्रकरणात अस्तित्वात नसलेले निकाल दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केएमजी वायर्स प्रकरणात प्राप्तिकराचा आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निकाल कुठेच नव्हते. यंत्राकडून शब्द जरूर घ्यावेत. निवाडा मात्र ई-एससीआरवर, ई-कोर्ट्सवर किंवा छापील खंडात स्वतः उघडून वाचल्याशिवाय अर्जात घालू नये, यात मला कोणतीही सवलत मान्य नाही.

राहतो तो मराठीचा प्रश्न. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मात्र मराठीतून बरेच काम चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची मराठी भाषांतरे आता मिळू लागली आहेत. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द देतो. पण सातबारा, फेरफार आणि साक्षीदाराच्या तोंडचा शब्द यांवरून इंग्रजी निकालापर्यंत पोचायला ज्या उलट्या दिशेच्या यादीची गरज आहे, ती विदर्भापुरती तरी कोणी करायला हवी. नागपूरजवळ वारंग्याला २०१६ मध्ये सुरू झालेले महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे, वकील संघांची ग्रंथालये आहेत, आणि हेडनोट लिहिण्याचा शंभर वर्षांचा अनुभव याच गावात आहे. दोन सत्रांत विद्यार्थ्यांकडून हे होऊ शकेल. प्रत्येक नोंदीत मराठी शब्द, तो कोणत्या जिल्ह्यांत चालतो, रोमन लिपीत निकालांनी त्याच्या कोणकोणत्या वर्तण्या केल्या, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात तो येतो, त्या कायद्याची जुनी-नवी नावे आणि त्यावरचा एक तपासलेला निवाडा. सुरुवात सीर, खुदकाश्त, निस्तार, नझूल, इजारा आणि झुडपी या सहा शब्दांनी करता येईल.